प्लेअर घेण्याआधी कपाट उघडा

डिस्क प्लेअर कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या घरचं तबकड्यांचं कपाट बघायला मागतो. टीव्ही किती इंची, स्पीकर किती, पैसे किती घालायची तयारी आहे, हे सगळं नंतर. प्लेअर स्वतःचं काही दाखवत नाही. तबकडीवर जे आहे ते वाचून पुढं द्यायचं, एवढंच त्याचं काम. मग आपल्याकडं काय आहे ते न बघता यंत्र कसं ठरवणार?

आणि कोल्हापुरातलं कपाट उघडलं की बरंच काही निघतं. खालच्या फळीवर व्हीसीडी, एका सिनेमाला दोन नाहीतर तीन तबकड्या. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, पण त्यावरच अनेक घरांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या. त्याच्यावर डीव्हीडी. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा महाद्वार रोडला खरेदीला गेलेला माणूस येताना एखादा सिनेमा पिशवीत टाकूनच घरी यायला लागला. मग लग्नाच्या, बारशाच्या, साठीच्या डीव्हीडी, वर मार्करनं लिहिलेली नावं. सगळ्यात वर, असल्याच तर, निळ्या डब्यांतल्या चार-दोन ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या तबकड्या.

या गावानं सिनेमा नुसता बघितलेला नाही, इथं तो घडला. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच उभी राहिली, १९३२ चा मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ तिनं इथंच केला आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पण महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटायची पटकन आणि नुसती ठेवली तरी सडत जायची. ज्यांचे वाडवडील त्या सिनेमांना तिकीट काढून गेले, त्यांच्या नातवंडांना त्यातलं एक दृश्य बघता येत नाही. म्हणून सिनेमाची प्रत आपल्या घरात, आपल्या हाताशी असणं मला फार मोलाचं वाटतं. तबकडी ही आज सामान्य माणसाला परवडणारी तशी प्रत आहे.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या मामांनी शिवाजी पेठेतल्या घराची माडी सिनेमासाठी सजवायचं ठरवलं. ५५ इंची फोर-के टीव्ही घेऊन झाला होता. रिसीव्हर, म्हणजे आवाज स्पीकरना वाटून देणारं यंत्र, आणि स्पीकर जुनेच, पण चांगल्या जातीचे. “प्लेअर तेवढा तू बघ,” मामा म्हणाले. “पैशाला मागं बघू नगो, पर उगंच उधळायचं बी न्हाई.” मी म्हटलं, मामा, आधी कपाट रिकामं करूया. जाजम अंथरून सगळ्या तबकड्या त्यावर मांडल्या. निम्म्याहून जास्त व्हीसीडी आणि डीव्हीडी, मराठी आणि हिंदी. ब्लू-रे मोजक्या. फोर-के तबकडी एकही नाही. मामी वर आल्या, ढिगातून लेकीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, “दुसरं काय न्हाई चाललं तर चालंल बाबा, पर ह्या चालाय पायजेत.”

माझ्या मते घरच्या खरेदीची अट इतक्या स्पष्टपणे कुणीच मांडत नाही.

राजारामपुरीतल्या एका दुकानात विचारायला गेलो, तर तिथला पोरगा म्हणाला, “आता कोण डिस्क बघतंय ओ? टीव्हीला स्टिक लावा की, सगळं येतंय.” पुष्कळांच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. जो नवा सिनेमा एकदा बघतो आणि विसरतो, त्यानं प्लेअर घेऊच नये. ते पैसे स्पीकरला घालावेत. पण जो एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो, त्याचं गणित वेगळं. नेटवरचा सिनेमा आज असतो, करार संपला की उद्या नसतो. शिवाय दर्जातही फरक आहे. फोर-केसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट मागतं. अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजेच फोर-के तबकडीवरून तीच माहिती सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत वाहू शकते. रात्रीचं दृश्य, पाऊस, धूर, गर्दी अशा ठिकाणी हे अंतर साध्या डोळ्यांना दिसतं. आवाजात तर जास्तच जाणवतं, कारण नेटवरचा डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे चारी बाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, काटछाट केलेला असतो आणि ब्लू-रेवर तो बहुधा मूळच्या पूर्ण रूपात असतो.

या सगळ्याच्या मुळाशी प्रकाश आहे. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, ब्लू-रेचा ४०५ चा. लहर जितकी आखूड तितका प्रकाशाचा ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक म्हणजे तेवढ्याच १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर जास्त मजकूर. म्हणून डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी मावतात, ब्लू-रेच्या एका थरावर २५, आणि तीन थरांच्या अल्ट्रा एचडी तबकडीवर १००. चांगल्या प्लेअरला यातले सगळे लेझर लागतात, कारण घरात सगळ्या पिढ्यांच्या तबकड्या असतात.

आता किंमत आणि मोल यांचा प्रश्न. दोन प्लेअर समोर ठेवले, एक दुसऱ्याच्या चौपट किमतीचा, तर चित्र चौपट चांगलं दिसेल का? ब्लू-रे तबकडी लावली असेल तर फरक जवळजवळ नाहीच, हे मी ठामपणे सांगतो. एचडीएमआय तारेतून आकडे जातात. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या काटछाट न करणाऱ्या पद्धतींतला आवाज प्लेअरनं न उलगडता रिसीव्हरकडं पाठवला, तर तो स्वस्त यंत्रानं पाठवला काय आणि महागड्यानं पाठवला काय, रिसीव्हरच्या हातात पडतं ते सारखंच. महाग प्लेअरचा जड पत्रा, समोरचा उजळ आकड्यांचा पडदा, लोण्यागत सरकणारा ट्रे या गोष्टी हाताळायला सुखाच्या आहेत, पण सिनेमात त्या दिसत नाहीत. एकच गोष्ट मी जरूर बघतो: तबकडी फिरताना यंत्र घरघरतं का. हळू आवाजातला संवाद चालू असताना ती घरघर फार खुपते.

फरक पडतो तो जुन्या डीव्हीडीत, आणि आपली कपाटं तर त्यांनीच भरलेली. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांवर थोडे ठिपके. फोर-के टीव्हीचे ठिपके जवळपास ८३ लाख. म्हणजे वीस ठिपक्यांतला एक खरा, बाकीचे एकोणीस कुणीतरी अंदाजानं भरायचे. ते काम प्लेअर करतो, रिसीव्हर करतो किंवा टीव्ही करतो. त्यातून आपल्या सिनेमांच्या बऱ्याच डीव्हीडींवर चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असतं, आणि ते भाग नीट जुळले नाहीत तर पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. पॅनासॉनिकच्या डीपी-यूबी८२० सारख्या वरच्या प्लेअरला जास्त पैसे द्यायचे तर अशा कामासाठी द्यावेत, किंवा प्रोजेक्टरवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेलं चित्र, नीट दिसावं म्हणून द्यावेत. मामांच्या टीव्हीनं हे काम स्वतःच चांगलं केलं. आम्ही घरातल्या जुन्याच डीव्हीडी प्लेअरवर सिनेमा लावून, पळापळीचा प्रसंग काढून तपासलं, मगच पुढचा विचार केला.

जुन्या सिनेमांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. प्रभातच्या काळातलं चित्र साधारण चारास तीन या मापाचं, आणि आजचा टीव्ही सोळास नऊ. प्लेअरच्या सेटिंगमध्ये मूळ माप कायम ठेवायचा पर्याय निवडला नाही, तर चित्र आडवं ताणलं जातं. ‘अयोध्येचा राजा’तल्या दुर्गा खोटे आडव्या ताणलेल्या दिसाव्यात हे मला सहन होत नाही. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. कॅमेरा लावणाऱ्यानं चौकट जशी बांधली तशी ती बघणं हा त्याचा मान आहे.

मामांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, इथून येताना घेऊन येतो, स्वस्त पडेल. पुष्कळ घरांत हा बेत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकडच्या बाजारातला प्लेअर बऱ्याचदा फक्त १२० व्होल्टवर चालतो. आपल्याकडं २३० व्होल्ट. थेट खोचला तर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर घेतला तर स्वस्ताई संपली. त्याहून मोठी अडचण रीजनची, म्हणजे तबकडी आणि यंत्र जगाच्या एकाच विभागाचं असावं या बंधनाची. डीव्हीडीच्या जगात अमेरिका १ नंबरच्या विभागात आणि भारत ५ नंबरच्या. ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. सगळ्या तबकड्यांवर हे कुलूप नसतं, पण ज्यांच्यावर असतं त्या तिकडच्या यंत्रात लागत नाहीत. फोर-के अल्ट्रा एचडी तबकड्यांना मात्र रीजनचं बंधन ठेवलेलं नाही, आणि ही त्या तबकडीची मला फार आवडलेली गोष्ट. मामांच्या कपाटात ती नव्हतीच, त्यामुळं अमेरिकेचा बेत तिथंच थांबला.

माझ्या भाच्यानं सुचवलं, प्लेस्टेशन घ्या, खेळही होतील. तबकडीची खाच असलेलं प्लेस्टेशन ५ फोर-के तबकड्या लावतं हे खरं, पण डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार दाखवत नाही, आणि गाण्याची साधी सीडीही वाजवत नाही. मामांकडं नाट्यसंगीताच्या सीडी आहेत. पोरांना खेळायला यंत्र हवंच असेल आणि कपाटात ब्लू-रे असतील तर तो चांगला सौदा आहे. या घरासाठी नव्हता.

माझ्या स्वतःच्या घरी मी सोनीचा यूबीपी-एक्स७०० घेतला, आणि त्याचं कारण चित्रापेक्षा मागच्या बाजूला आहे. त्याला एचडीएमआयच्या दोन खाचा आहेत. एकातून चित्र थेट टीव्हीला द्यायचं आणि दुसरीतून फक्त आवाज रिसीव्हरला. माझा रिसीव्हर जुना. फोर-के एचडीआर चित्र त्याच्यातून पुढं जात नाही. ही सोय नसती तर नव्या प्लेअरपायी नवा रिसीव्हर घ्यावा लागला असता, आणि तो प्लेअरच्या कितीतरी पट महाग. एखादं यंत्र मोलाचं आहे का, हे ठरवताना ते आपल्याला दुसरा कुठला खर्च करायला लावतंय किंवा वाचवतंय, ते मी बघतो. डॉल्बी व्हिजन मात्र त्यात मेनूत जाऊन हातानं चालू करावं लागतं, हे माहीत असू द्या.

रिसीव्हर नसेल, नुसता साउंडबार असेल, तर टीव्हीच्या एचडीएमआय खाचेवर एआरसी (टीव्हीकडून साउंडबारला आवाज पाठवायची सोय) लिहिलंय की ईएआरसी (तिचीच सुधारलेली आवृत्ती) हे वाचून घ्या. साध्या एआरसीतून चौफेर आवाज काटछाट होऊनच जातो, ट्रूएचडीसारखा पूर्ण आवाज जायला ईएआरसी लागते. आणि प्लेअरच्या मेनूत ब्लू-रेचा ऑडिओ मिक्स, म्हणजे बटणांचे वगैरे जादा आवाज सिनेमाच्या आवाजात मिसळणारा पर्याय, बंद करा. तो चालू राहिला तर पूर्ण आवाज असलेली तबकडी लावूनही रिसीव्हरला कमी प्रतीचा आवाज जातो. नवं यंत्र आणून या एका बटणामुळं वर्षानुवर्षं अर्धाच आवाज ऐकणारी घरं मी बघितली आहेत, आणि फार वाईट वाटतं.

नवे प्लेअर आता बाजारात कमी होत चाललेत. ओप्पोनं २०१८ मध्ये हे काम थांबवलं, सॅमसंगही त्यातून बाहेर पडलं. त्यामुळं जुनं यंत्र घ्यायची वेळ अनेकांवर येते, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, फक्त तपासून घ्यावं. विकणाऱ्याकडं जाताना आपल्या तबकड्या बरोबर न्या: एक सीडी, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे. लेझर वेगवेगळे असल्यानं एक चाललं म्हणून दुसरं चालेल असं नसतं. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं बघून उठू नका. एका थराची तबकडी असेल तर शेवटच्या प्रसंगावर उडी मारा. लेझर थकला असेल तर तिथंच अडखळतो. दोन थरांची डीव्हीडी असेल तर सिनेमाच्या साधारण मध्यावर थर बदलतो, तो भाग बघा. क्षणभर थांबून पुढं गेलं तर ठीक, अडकून बसलं तर उठून या. आणि यंत्राला फर्मवेअरचे, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, नवे अपडेट मिळतात का, तेही विचारा, कारण नव्या ब्लू-रे तबकड्या उघडायला कधीकधी नव्या किल्ल्या लागतात.

शेवटी मामांसाठी घेतला तो साधा ब्लू-रे प्लेअर. फोर-के नव्हे. सगळेच ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचत नाहीत, म्हणून माहितीपत्रकावर विसंबलो नाही. मामांच्याच तीन-चार व्हीसीडी दुकानात नेऊन लावून बघितल्या. फोर-के प्लेअरचे वाचलेले पैसे मधल्या स्पीकरला घातले. घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, की गाणं आलं की भिंती हलतात आणि माणसं बोलायला लागली की काही कळत नाही. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तोच आपण सगळ्यात हलका घेतो नाहीतर टीव्हीच्या मागं कोंबतो. नवा स्पीकर टीव्हीच्या खाली, तोंड बसणाऱ्याच्या कानाकडं करून लावला. फरशीवरून आवाज घुमत होता, तर मामींनी ट्रंकेतली दोन घोंगडी काढून समोर अंथरली. माडीवरच्या आवाजात जो बदल त्या घोंगड्यांनी केला, तो कुठल्याही महाग प्लेअरनं केला नसता. मामा एक जुना मराठी सिनेमा बघून म्हणाले, “सगळं बोलणं कळतंय की रं! इतकी वरसं नुसती तोंडं हललेली बघत होतो.”

तबकड्या पुसताना आतून बाहेर सरळ पुसाव्यात, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीवरूनच लांबवर धावतो आणि यंत्राला चूक भरून काढता येत नाही. आडवा ओरखडा ते निभावून नेतं. सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूला अगदी वर असतो, डीव्हीडीत बरोबर मध्ये, आणि ब्लू-रेत वाचायच्या बाजूला फक्त ०.१ मिलीमीटर आत. म्हणून ब्लू-रेला कठीण लेप दिलेला असतो, आणि सीडीची नावाची बाजू सगळ्यात जपायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा एका मित्राच्या तबकड्या चिखलात गेल्या होत्या. साध्या पाण्याखाली चिखल आधी वाहून जाऊ दिला, न घासता, मग सावलीत वाळवल्या. कागदी वेष्टणं गेली, पण कारखान्यात दाबून तयार झालेल्या तबकड्यांतल्या बहुतेक पुन्हा चालल्या.

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकड्यांचं तसं नाही. त्यांच्यात माहिती रंगाच्या थरात जाळून लिहिलेली असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडत जातो. मामींनी दिलेल्या लग्नाच्या दोन डीव्हीडींपैकी पहिली नव्या प्लेअरनं तत्काळ वाचली. दुसरी सप्तपदीच्या आधीच अडकली. मामी काही बोलल्या नाहीत, पण हातातलं निवडणं बाजूला ठेवून बसून राहिल्या. ती तबकडी एका जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर कमी वेगानं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उतरवून घेतली. एका ठिकाणी काही सेकंदांचं चित्र फुटलं, बाकी सगळं मिळालं. वाचण्याचा वेग कमी केला की हट्टी तबकडीही कधीकधी उघडते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आता तिची एक प्रत मामांच्या हार्ड डिस्कवर आहे, एक सांगलीला लेकीकडं. बारशाच्या आणि साठीच्या तबकड्या अजून उतरवायच्या आहेत, आणि मामींनी सांगून ठेवलंय की हा पाऊस लागायच्या आत ते काम उरकायचं.